टर्बो डिझेल गाडी घाटात ताकद सोडते, कोड पी-००८७: दोष पंपाचा की पंपाआधीच्या वाटेचा?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २०१५ सालची दीड लिटरची टर्बो डिझेल हॅचबॅक असून तिचे रनिंग १ लाख १२ हजार किलोमीटर झाले आहे. गेल्या दोन महिन्यांपासून एक त्रास सुरू झाला आहे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २,४०० आरपीएमच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की दोन-तीन सेकंद गाडी व्यवस्थित ओढते. मग कोणी मागून धरून ठेवल्यासारखी अडते, चेक लाइट लागतो आणि त्यानंतर पाय कितीही दाबला तरी इंजिन २,५०० च्या वर जात नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली आणि मिनिटभराने पुन्हा सुरू केली की गाडी पूर्ववत होते. सपाटीवर आणि शहरात काहीही जाणवत नाही. सकाळी मात्र पूर्वी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी आता चार-पाच सेकंद सेल्फ मारल्यावर सुरू होते.

पहिल्या गॅरेजमध्ये टर्बो गेला असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावल्यावर पी-००८७ हा कोड निघाला. तेथे सेन्सरचे कनेक्टर साफ करून कोड पुसून दिला, पण पुढच्याच घाटात तो परत आला. आता तेथे हाय-प्रेशर पंप बदलावा लागेल असे म्हणतात आणि त्याचा अंदाज ५५ हजार रुपयांचा आहे. काळा किंवा पांढरा धूर नाही, इंजिनखाली डिझेल सांडलेले दिसत नाही. ऑगस्टमध्ये सर्व्हिसिंग झाले तेव्हा डिझेल फिल्टर बदलला आहे, त्यामुळे फिल्टरचा प्रश्न येऊ नये. पंपावर एवढा खर्च करण्याआधी दोष पंपातच आहे हे पडताळून पाहण्याची काही रीत आहे का?

पंप_कारागीर यांचे उत्तर

मी कोल्हापुरात तीस वर्षांपासून डिझेल पंप आणि नोझलचेच काम करतो. पंप बदलून घेऊनही तोच त्रास घेऊन परत आलेली गाडी मी पुष्कळ वेळा पाहिली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पी-००८७ या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनच्या संगणकाने रेलमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, जितका दाब मागितला तितका त्याला मिळाला नाही. पंप खराब आहे असे हा कोड कोठेही म्हणत नाही. दाब कमी पडण्याची कारणे चारच प्रकारची असतात: टाकीकडून पंपापर्यंत डिझेल पुरेसे पोहोचत नाही, पंप किंवा त्याच्यावरील, डिझेलचे प्रमाण ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह काम पुरे करत नाही, तयार झालेला दाब इंजेक्टरच्या रिटर्नमधून (जादा डिझेल मागे नेणाऱ्या नळीतून) किंवा रेलच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून निसटून जातो, किंवा दाब ठीक असून सेन्सर चुकीचा आकडा सांगतो. यांतले पहिले कारण तपासायला सर्वांत स्वस्त असते, आणि माझ्या अनुभवात दोष सापडतोही तेथेच जास्त वेळा. गॅरेजमध्ये मात्र सुरुवात नेमकी उलट्या टोकाने होते.

तुम्ही आधी तीन वेळचे आकडे घेऊन या: सकाळी सेल्फ मारताना, आयडलवर (पाय न दाबता इंजिन नुसते चालू असताना), आणि चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना. प्रत्येक वेळी मागितलेला दाब आणि मिळालेला दाब असे दोन्ही आकडे हवेत, एकट्या आकड्याचा काहीच उपयोग नाही. साधारणपणे अशा गाड्यांत आयडलला अडीचशे ते तीनशे बार दाब असतो, पूर्ण भारावर तो चौदाशे ते सोळाशे बारपर्यंत जातो, आणि सुरू होतानाही रेलमध्ये दीडशे-दोनशे बार जमल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडत नाही. सकाळचा लांबलेला सेल्फ म्हणजे तेवढा दाब जमायला लागणारा वेळ आहे. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या असण्याची शक्यता मला दाट वाटते.

ऑगस्टमध्ये फिल्टर बदलला म्हणून तो संशयातून सुटत नाही. त्रास त्यानंतरच सुरू झाला आहे, म्हणून फिल्टरच्या आजूबाजूची प्रत्येक जोडणी मी आधी पाहीन.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला नोझलच्या पाइपचा नट चालू इंजिनवर सैल करून एअर काढायची आणि कोणता सिलिंडर मिसिंग आहे ते ओळखायची आपल्याकडे सवय आहे. कॉमन रेल गाडीवर, म्हणजे तुमच्यासारख्या रेल असलेल्या गाडीवर, हे कधीही करू नका आणि कोणाला करू देऊ नका. टायरमध्ये ३२ पीएसआय, म्हणजे सुमारे २.२ बार हवा असते; येथे त्याच्या सहाशे पट दाब असतो. केसाएवढ्या फटीतून निघालेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. वरून टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत पसरलेले डिझेल बोट, प्रसंगी हात गमावण्यापर्यंत नेते. गळती शोधायला पाइपवरून हातही फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, आणि असे काही झालेच तर दुखत नसले तरी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

मोजपट्टी यांचे उत्तर

मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो. वरील उत्तराला पूर्ण सहमती देऊन टर्बो आणि सेन्सर यांच्याविषयी थोडी भर घालतो, कारण पहिल्या गॅरेजने टर्बोवर बोट ठेवले आहे आणि तो संशय आकड्यांनीच दूर व्हायला हवा.

टर्बोचा दाब कमी पडला, म्हणजे होज फाटला, इंटरकूलरची क्लिप सुटली किंवा टर्बोतील हलत्या पात्या (व्हेन) अडकल्या, तरीही गाडी चढावर अशीच दम सोडते. म्हणून चालकाला दोन्ही दोष सारखेच भासतात. फरक नोंदीत दिसतो. हवा कमी मिळाली की धूर होऊ नये म्हणून संगणक स्वतःच डिझेल कमी करतो आणि रेलमधील दाबाची मागणीही खाली आणतो. तेथे मागणी आणि मिळालेला दाब हे दोन्ही आकडे एकमेकांना धरून खाली येतात, आणि कोड बहुधा पी-०२९९ हा पडतो. डिझेलच्या दाबाचा दोष असेल तर मागणी वरच राहते आणि मिळालेला दाब तिला सोडून एकटाच कोसळतो. हे दोन आलेख एकाखाली एक ठेवले की अंदाजाने बोलण्याची गरज उरत नाही.

बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, आकडा वाचताना एक काळजी घ्यावी. स्कॅनर बहुतेक वेळा मॅनिफोल्डमधील (इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळीतील) निरपेक्ष दाब दाखवतो, म्हणजे त्यात वातावरणाचा दाब मिळवलेला असतो. साताऱ्याच्या उंचीवर इंजिन बंद असताना तेथे सुमारे ०.९३ बार दिसले पाहिजेत. पुढे जो आकडा दिसेल त्यातून तेवढे वजा केले की टर्बोने प्रत्यक्ष दिलेला दाब मिळतो.

आता सेन्सर. रेल प्रेशर सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो, आणि दाब शून्य असताना तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास संकेत देतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करावी आणि स्कॅनरवर रेलचा दाब पाहावा. तो जवळजवळ शून्य हवा. तेथे साठ-सत्तर बार दिसत असतील तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलते आहे. दुसरी खूण कानाने कळते: सेन्सर खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगत असेल, तर संगणक तूट भरून काढण्यासाठी खरा दाब वाढवत नेतो आणि इंजिन नेहमीपेक्षा कडक, खडखडीत वाजू लागते. तुमच्या वर्णनात तसे काही नाही.

नोंद करण्यासाठी गाडीच्या तपासणी-सॉकेटला लागणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी अडॅप्टर चालतो, मात्र तुमच्या गाडीच्या बाबतीत तो मागितलेला दाब दाखवतो का हे आधी पाहावे; काही स्वस्त ॲपमध्ये फक्त मिळालेला दाब असतो. नोंदीचे काम शेजारी बसलेल्या व्यक्तीने करावे. घाटात गाडी चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहू नये.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मित्राचा स्कॅनर घेऊन रविवारी भाऊ शेजारी बसला आणि खंबाटकी दोनदा चढलो. नोंदीतील आकडे असे आहेत.

सकाळी चावी ऑन, इंजिन बंद: रेलचा दाब २ बार. सेल्फ मारताना पहिले तीन सेकंद दाब ४० ते ७० बारमध्ये घुटमळला, मग एकदम २०० च्या वर गेला आणि गाडी सुरू झाली. आयडलवर मागणी २८०, मिळालेला दाब २७५ ते २८५. सपाटीवर ८० च्या वेगाने मागणी ६४० आणि मिळालेला दाबही तेवढाच. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरवर मागणी १,३५० बार. मिळालेला दाब आधी १,३१० पर्यंत गेला आणि मग तीन सेकंदांत १,१०० वरून ८८० वर आला. त्याच क्षणी चेक लाइट लागला. त्या वेळी मॅनिफोल्डचा दाब २.०५ बार होता आणि मागणीही २.०५ च्या जवळच होती. इंजिनचा आवाज नेहमीसारखाच आहे.

माझ्या गाडीत टाकीमध्ये विजेचा पंप नाही. फिल्टरजवळ रबरी हातपंप आहे आणि हाय-प्रेशर पंप स्वतःच डिझेल ओढून घेतो, असे मॅन्युअलवरून समजले.

पंप_कारागीर

फार चांगली नोंद केलीत. तुमच्या टर्बोला आता मोकळे सोडा, त्याने मागितले तेवढे दिले आहे. सेन्सरही जवळजवळ सुटला. ८० च्या वेगाला दाब मागणीला धरून आहे आणि घाटातही तो एकदा १,३१० पर्यंत पोहोचला, यावरून पंपात दाब तयार करण्याची ताकद अजून आहे असे माझे मत आहे. झिजलेला पंप सहसा असा भरारी घेऊन कोसळत नाही, तो आधीपासूनच मागे रेंगाळतो. येथे पंपाजवळ साठलेले डिझेल संपेपर्यंत दाब टिकला आणि मागून तेवढे आले नाही, असे चित्र दिसते. पण इंजेक्टरची गळतीही भारावर असाच दाब खाते, म्हणून दोन्ही बाजू तपासू.

टाकीत पंप नसलेल्या गाडीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टाकीपासून हाय-प्रेशर पंपापर्यंतचा सगळा मार्ग ओढीखाली असतो. त्यामुळे जोडणी सैल असली तरी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंब सांडत नाही म्हणून सगळे कोरडे आणि ठीक आहे असे वाटते, आणि दोष नेमका तेथेच लपतो. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दबत नाही. पंपाच्या पोटात बुडबुडे गेले की त्याचे निम्मे श्रम हवा दाबण्यात जातात. शिवाय या पंपाला वंगण म्हणून फक्त डिझेलच मिळते. हवा ओढत चालवलेला पंप आतून घासला जातो आणि आज चांगला असलेला पंप सहा महिन्यांत खरोखर बदलावा लागतो. म्हणून हे काम लांबवू नका.

पहिली चाचणी उद्या सकाळीच करा. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सेल्फ मारण्याआधी रबरी हातपंप कडक होईपर्यंत दाबा आणि मग सुरू करा. गाडी लगेच सुरू झाली तर रात्री डिझेल मागे उतरते आणि त्याच्या जागी हवा येते, हे निश्चित झाले. काही फरक पडला नाही, उलट गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करताना त्रास अधिक होऊ लागला, तर इंजेक्टरकडे वळायचे. कारण गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटते.

दुसरी चाचणी पारदर्शक नळीची. फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या पाइपच्या जागी डिझेलला टिकणारी, त्याच मापाची पारदर्शक नळी घट्ट क्लिपांनी बसवा, इंजिन सुरू करा आणि जागेवरच ३,००० आरपीएमवर मिनिटभर धरा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे जोडणी उघडल्याचे असतात, ते निघून जातात. त्यानंतरही बारीक बुडबुड्यांची माळ चालू राहिली तर हवा शिरते आहे. नळी स्वच्छ भरलेली असूनही दाब पडत असेल तर व्हॅक्यूम गेज लावून ओढ मोजावी लागेल. ओढ मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर मार्गात अडथळा आहे, म्हणजे चोंदलेला फिल्टर, दबलेला पाइप किंवा टाकीतील जाळीवर बसलेला गाळ.

हे सगळे निर्दोष निघाले तरच इंजेक्टरची रिटर्न चाचणी करायची. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या जोडून त्या चार मोजणीच्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन आयडलवर दोन-तीन मिनिटे चालवायचे आणि पातळ्या शेजारी ठेवून पाहायच्या. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी दुपटीने भरलेली दिसली की चोर सापडला. मात्र पिझो प्रकारच्या (विजेने प्रसरणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) इंजेक्टरांना रिटर्नच्या मार्गातही ठरावीक दाब लागतो, त्यांना ही बाटल्यांची रीत लावू नये.

गोदावरी_तीर यांचे उत्तर

माझी गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची आहे, पण कोड हाच होता आणि कसारा घाट चढताना तिचेही असेच होत असे, म्हणून लिहिते. पेट्रोलमध्ये दोन टप्पे असतात: टाकीतला विजेचा पंप साधारण पाच बारने पेट्रोल पुढे पाठवतो आणि इंजिनवरचा पंप ते दोनशे बारपर्यंत नेतो. मलाही आधी इंजिनवरचा पंप बदलायला सांगितले होते. नंतर एका वायरमनने टाकीतल्या पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना व्होल्टेज मोजले. बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपावर १०.८! अर्थिंगच्या टोकाला हिरवा गंज चढला होता. भार नसताना तेवढ्या व्होल्टेजवर पंप कसाबसा भागवून नेत असे, घाटात पेट्रोलची मागणी वाढली की पुरा पडत नसे. टोक कापून नवे बसवल्यापासून वर्षभर कोड आलेला नाही. टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीच्या मालकांनी ही मोजणी आधी करून घ्यावी, मात्र पेट्रोलच्या गाडीवर पारदर्शक नळीसारखे प्रयोग घरी करू नयेत.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितो आहे, कारण काम पूर्ण करूनच सांगायचे ठरवले होते.

हातपंपाची चाचणी केली तेव्हाच अर्धे उत्तर मिळाले. हातपंप दाबून सुरू केल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम न दाबता सुरू केली तर पुन्हा चार सेकंद लागले. नंतर ओळखीच्या मेकॅनिककडे जाऊन पारदर्शक नळी बसवली. आयडलवर नळी स्वच्छ होती. २,००० च्या पुढे साबुदाण्याच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले, आणि ३,००० वर ते एवढे दाट झाले की नळीतील डिझेल दुधट दिसत होते. मेकॅनिकने फिल्टरकडे येणाऱ्या पाइपची जोडणी बोटाने किंचित वर उचलून धरताच बुडबुडे थांबले, सोडताच पुन्हा सुरू झाले. ते त्याने आम्हाला तीनदा करून दाखवले.

जोडणी उघडल्यावर आतली ओ-रिंग (गोल रबरी सील) एका बाजूने कापली गेलेली दिसली. फिल्टर बदलताना पाइप तिरका दाबला गेला असावा, असे त्याचे म्हणणे पडले. फिल्टरमधले डिझेल पांढऱ्या वाटीत ओतून उन्हात पाहिले आणि लोहचुंबकही फिरवला. धातूची चमक कोठे दिसली नाही, चुंबकाला काही चिकटले नाही. तळाशी चमचाभर पाणी मात्र निघाले, ते काढून टाकले. नव्या ओ-रिंगा आणि नवा फिल्टर मिळून मजुरीसह १,४५० रुपये लागले.

काल पुण्याहून परत येताना भाऊ पुन्हा स्कॅनर घेऊन बसला होता. खंबाटकीत तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटरवर मागणी १,३५० आणि मिळालेला दाब १,३४० ते १,३५५, तोही माथ्यापर्यंत. सकाळचा सेल्फ आता एका सेकंदाचा आहे. काका, दोन महिने हवा ओढत चाललेल्या या पंपाची आता आणखी काही तपासणी करून घ्यावी का?

पंप_कारागीर

आकडे वाचून समाधान वाटले. पंप आत्ता खोलू नका. दाब मागणीला धरून असताना आणि फिल्टरमध्ये चमक नसताना चांगला पंप उघडण्यात फायदा नाही. पाच हजार किलोमीटर झाल्यावर फिल्टरमधले डिझेल पुन्हा एकदा पांढऱ्या वाटीत काढून चुंबक फिरवून पाहा. चंदेरी कण दिसले तर गाडी सुरू न करता टो करून आणा, कारण ते कण रेलमधून चारही इंजेक्टरांत जातात आणि मग पंपाबरोबर सगळीच यंत्रणा बदलावी लागते. वाटी स्वच्छ निघाली तर निश्चिंतपणे चालवा. चमचाभर पाणी ही किरकोळ गोष्ट समजू नका. पावसाळ्यात दर महिन्याला फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढत जा, आणि प्रत्येक वेळी स्क्रू बसवल्यावर हातपंप कडक होतो की नाही ते पाहूनच बॉनेट लावा.